डोळ्यांची आखणी

हौसामावशीच्या डाव्या गालाच्या आत पांढरा डाग होता. किमयाने कापसाने पुसून पाहिला, गेला नाही. मशेरी दाबून धरायची जागा नेमकी तीच.

पेणच्या या दवाखान्यात किमयाचं काम दात साफ करायचं. शिक्षणही तेवढ्याचंच. काही वावगं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं. रोगाचं नाव घ्यायचं ते त्यांनी. आणि डॉक्टर आज रोह्याला. चारशिवाय यायचे नव्हते.

"काय दिसलं गो?" चूळ भरून हौसाने विचारलं.

"डाग हाय, मावशी. डॉक्टरांना बघू दे. थांबाल ना?"

हौसाला कुठली सवड! हमरापूरला कारखान्यात चाळीस गणपतींचे पितांबर रंगवायचे बाकी होते. पाच वर्षं लोकांची तोंडं बघतेस, मग तूच सांग आणि मोकळी हो, म्हणाली. शब्द किमयाच्या अगदी जिभेवर होता. तो उच्चारायचा तिला हक्क नव्हता, आणि 'काही नाही' म्हणायची छाती नव्हती. ही बाई आता गेली तर गणपती उठेपर्यंत फिरकायची नाही.

हौसाने चपला घातल्या. काहीतरी बोलायचं म्हणून किमयाने विचारलं, मूर्तीचे डोळेही तुम्हीच रंगवता का.

नाय गो, डोळ्यांची आखणी कारखान्याच्या मुख्य कारागिराची, हैबतरावांची, हौसा म्हणाली. बावीस वर्षं ती सोंड, दागिने, पितांबर करत आली. डोळ्याला ब्रश लावायचा नाही. एकदाच लावला होता. हैबतराव तापाने पडलेले आणि गिऱ्हाईक दारात.

"मग?" किमया क्षणभर डागही विसरली.

"एक बुबुळ सरकलं. गिऱ्हाईक गेला तसाच. तो गणपती घरी फळीवर हाय. जेवायला बसले का नेमका माझ्याकडंच बघतो."

हौसा हसली. हसता हसता थांबली. जीभ गालाच्या आत त्या जागी जाऊन आली. किमयाकडे तिने जरा वेळ नीट पाहिलं, मग चपला काढल्या आणि बाकावर जाऊन बसली.

"डॉक्टर आले का तू पन बाजूला हुबी रा," ती म्हणाली. "आखणी कशी करतात, बघून ठेव."