गुंडाबापूंची शेवटची थाप

पुन्हा किणकिणलं.

यशपालनं हेडफोन मागं सरकवला आणि बंद दाराकडं तोंड करून म्हणाला, "बापू, ही थाप परत घ्यावी लागंल. शेळीचं घुंगरू आलं."

"घेतो की," आतून गुंडाबापूंचा थकलेला आवाज आला.

मैंदर्गीजवळच्या या वस्तीवर यशपालचा हा बाविसावा रविवार होता. आठवडाभर सोलापुरात कारकुनी करायची आणि रविवारी मोटरसायकलवर माइक आणि लॅपटॉप बांधून इकडं यायचं. बापूंच्या धनगरी ढोलाची एकेक थाप तो टिपून घेत होता. हलकी, मध्यम, जोरकस, प्रत्येक आठ-आठ वेळा. त्यातून कॉम्प्युटरवर वाजणारं वाद्य करायचं होतं. कुठल्याही गावच्या माणसानं कळ दाबावी आणि बापूंचा ढोल घुमावा, या एका वेडानं त्याला झपाटलं होतं.

बापूंची अट एकच होती. दार बंद पाहिजे. ज्या माणसानं चाळीस वर्षं जत्रा गाजवल्या, त्याची धाप कुणी बघायची नाही. म्हणून माइक आत आणि यशपाल पडवीत.

दार उघडलं तेव्हा बापू घोंगडी पांघरून खाटेवर बसले होते. मागच्या दारानं त्यांची बायको केराबाई चहा घेऊन आली. तिच्या बोटाला चिंधी होती.

"काय झालं मामी?"

"तव्याचा चटका."

बापूंनी डाव्या हातानं कप घेतला. वाट मोकळी व्हावी म्हणून यशपाल म्हणाला, "मामी, तेवढा ढोल बाजूला घ्या की."

ती दोन पावलं मागं सरली. "देवाचा ढोल हाय. आमी बायकांनी हात लावायचा न्हाय."

बापू खाली बघत चहा पीत राहिले.

पुढच्या रविवारी शेळ्या लांब ओढ्याकाठी बांधल्या. तरी किणकिण आलीच. आता एकच थाप उरली होती, देवाला निरोप देतानाची. ती फक्त बापूंनाच येते, असं सगळी वस्ती म्हणायची. डॉक्टरांनी थोडे दिवस सांगितले होते. बापू जगावेत असं यशपालला मनापासून वाटायचं, पण ते जाण्याआधी थाप मिळावी असंही वाटायचं, आणि त्याची त्याला लाज वाटायची.

गुरुवारी फोन आला. बापू गेले.

यशपाल पार खचला. त्या एका थापेवाचून सगळं वाद्य अर्धवट होतं. रात्रंदिवस जपलेल्या त्या फाइली आता उघडवतही नव्हत्या.

"दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्या की," बायको राजश्री म्हणाली.

"दुसऱ्याचा हात मला लगेच कळतो. बापूंची थाप मी डोळे झाकून ओळखीन."

तो भिंतीकडं तोंड करून रडला.

दिवसकार्य झाल्यावर तो वस्तीवर गेला. माइक आणि लॅपटॉप सवयीनंच बांधून नेले होते. केराबाई एकटीच होती. त्यानं एक पेनड्राइव्ह तिच्यापुढं ठेवला.

"यात बापूंचा हात आहे मामी. पण शेवटची थाप राहिली. आता हे कधीच पुरं व्हायचं नाही. माझ्या घाईनं त्यांना शेवटी त्रासच झाला."

केराबाई उठली. खुंटीवरचा ढोल उतरवून तिनं मांडीवर घेतला.

"मामी, ढोलाला हात..."

"त्यांचा उजवा हात दोन वर्सांमागंच गेला बाबा. कुणाला कळू द्यायचं न्हवतं." तिनं बोटाची चिंधी सोडली आणि बांगड्या उतरवलेली उघडी मनगटं ढोलावर टेकवली. "मिशीन लाव. आता किणकिण बी यायची न्हाय."