निम्मं कडं

डोळ्यांसमोर आणा बरं, मुलांनो: शिरोलीतला आत्याचा छोटा कारखाना आणि निशाच्या चिमट्यात मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची शेवटची गरम पट्टी. कुबडीत हात अडकवायच्या जड लोखंडी कड्यानं धाकट्या सार्थकचा हात सोलून निघायचा, म्हणून ती भावासाठी हलकं कडं वाकवत होती. पहिली पट्टी तिनं घाईघाईनं गारच दाबली आणि ती काडकन मोडली. तेव्हा आत्यानं सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा दाखवला होता. “धातूतले कण बघ. गार असताना त्यांच्यातले थर एकाच अंगानं सरकत्यात, बाकी ठिकाणी भेगा पडत्यात. ऊब मिळाली की त्यास्नी आणखी वाटा मोकळ्या हुत्यात.” आता पट्टी निम्मी वाकली होती, पण निवत चालली होती. “दाब की गं ताई, एवढंसंच राहिलंय!” सार्थक ओरडला. निशाचे हात शिवशिवले. तिनं ओठ चावला, दाब सोडला आणि निम्मं कडं पुन्हा भट्टीत ठेवलं.