तेलातली कचकच

चावी फिरवली की नुसतं ‘टक’ वाजायचं आणि सगळं गप्प. साहिलने केबिनमध्ये बसून पुन्हा फिरवून पाहिली. पुन्हा टक.

खाली प्रज्योत उभा होता. त्याच्या हातात टॉमी, म्हणजे चाकं खोलायची जाड लोखंडी कांब होती. ती कशासाठी, हे विचारायची साहिलची छाती झाली नाही.

जासईच्या रस्त्यावरच्या या गॅरेजात प्रज्योतच्या ट्रेलरचं झिजलेलं इंजिन काढून साहिलनेच गेल्या महिन्यात दुसरं बसवलं होतं. आता तेही बंद पडलं होतं; ट्रेलर ओढून आणावा लागला होता.

“ज्याच्या हातानं हे झालं ना,” प्रज्योत शांतपणे म्हणाला, “त्याचा हात मी शाबूत ठेवनार न्हाय. मग तो कुनी का असंना.”

प्रज्योत उगाच बोलणाऱ्यांतला नव्हता. आणि इंजिनाला हात लागले होते ते साहिलचेच.

जवळच जुन्या टायरवर प्रज्योतची आई, सगुणा, डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवरा बुधाजी गाडी चालवतानाच गेला. तेव्हापासून पोरगा घरी परतेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. रोज सकाळी ट्रेलरपुढे उदबत्ती फिरवल्याशिवाय ती त्याला निघू द्यायची नाही.

साहिलने बॅटरी तपासली. भरलेली. गिअर न्यूट्रलला. स्टार्टर सोडवला, बॅटरी लावून फिरवला, तर तो भन्नाट फिरला. म्हणजे दुखणं आतच होतं. बसवताना एखादा नट तर आत राहिला नसेल? स्टार्टर ज्याला फिरवतो ते फ्लायव्हील त्याने टॉर्च मारून पाहिलं. स्वच्छ होतं. मग पुढच्या पुलीला लांब पान्हा लावून दोघांनी जोर केला. इंजिन तसूभरही हललं नाही.

“तेल भरलं होतंस ना?” प्रज्योतने विचारलं.

“भरलं होतं, भाऊ. अल्लाची कसम.”

साहिलने खालचा बोल्ट सोडला. तेल निघालं, पुरेपूर. त्याने मोठा श्वास सोडला. मग सवयीने दोन बोटांत थोडं चोळलं.

कचकच.

त्याने घाईघाईने इंजिनाखालचा तेलाचा चेंबर खाली उतरवला. तळाशी करड्या रंगाचा जाड गाळ बसला होता. तेल वर खेचणारी जाळी पार बुजली होती. बेअरिंगपर्यंत तेल पोचलंच नव्हतं. बेअरिंगं शाफ्टला चिकटून बसली होती.

“माझी चूक नाही, भाऊ!” साहिल जवळजवळ ओरडलाच. “बाहेरून टाकलंय. कुणीतरी मुद्दाम, थोडं थोडं करून.”

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे सावकाश सांगायला हवं होतं.

सगुणा उठून जवळ आली. गाळ पाहताच तिचा चेहरा पांढरा पडला. “करनीच ती. पहिलं इंजिन खाल्लं, आता ह्ये खाल्लं. उद्या माज्या पोराला खाईल.”

“आये, गाडीजवळ कोन येतो?”

“कोन येनार? गाडी तर दारात असते. मितेशच काय तो, बाजूला टेम्पो लावतो.”

मितेश प्रज्योतचा सख्खा चुलतभाऊ. न्हावा शेव्याच्या बंदरातलं काम दोघांनीही मागितलं होतं. मिळालं प्रज्योतला.

प्रज्योत टॉमी घेऊन बाहेर लावलेल्या आपल्या बाइकवर बसला.

“भाऊ, थांब! आधी नीट बघू या!”

बाइक गावाच्या दिशेने निघूनही गेली. साहिलने मागोमाग फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. स्वतःची कातडी वाचवण्यासाठी आपण दुसऱ्याचा हात पुढे केला, हे त्याला कळत होतं. त्याने पुन्हा फोन लावला.

तेवढ्यात सगुणाने त्याची बाही ओढली. कमरेची चंची उघडून तिने कागदाची एक फुगीर पुडी त्याच्या तेलकट तळहातावर ठेवली.

“देवीचा अंगारा हाय,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “नवं इंजिन बसवशील तवा आधी मला हाक मार. पहिल्याच्या तेलात मी अवसेलाच सोडायची. ह्याच्यात रोज सकाळी चिमूट चिमूट सोडला, तरी नजर बाधली. आता मूठभर घालीन.”