अकरावा फेटा

आमच्या दूध संस्थेचे संचालक अकरा, म्हणून भोरच्या फेटेवाल्याला फेटेही अकराच सांगितले होते. यंदा रोहिणीवहिनी चेअरमन झाल्या. पण बाई निवडून आली की फेटा नवऱ्याला बांधायचा, ही आमच्याकडची पद्धत. त्यामुळे अकरावा फेटा यजमान कुमारभाऊंच्या डोक्यावर चढला आणि वहिनींच्या हाती खण-नारळाचं ताट आलं. "चला भाऊ, बसा खुर्चीत, सभा सुरू करू," व्हाईस चेअरमन म्हणाले. भाऊ निघालेही. वहिनी आडव्या आल्या. "अहो, हे धरा तेवढं," म्हणत त्यांनी ताट नवऱ्याकडं दिलं आणि त्यांच्या डोक्यावरचा फेटा स्वतः घातला. तो घसरून नाकावर आला. मांडव हसला. "वहिनी, बायकांच्या मापाचा न्हाई त्यो!" कुणीतरी ओरडलं. वहिनींनी खुर्चीत बसून फेटा उलगडला, फेटेवाल्यापुढं धरला. "माझ्या मापाचा बांधा. सावकाश बांधा. चेअरमनशिवाय सभा सुरू हुतीया व्हय?"