अम्माचा पहिला फोटो

कॅमेऱ्याच्या बारीक खिडकीत अम्माचे दोन चेहरे दिसत होते. सेतुमाधव भिंगाची कडी हळूहळू फिरवत होता. एक चेहरा सरकत सरकत दुसऱ्यावर नेमका बसला की अंतर जुळलं, अशी या कॅमेऱ्याची तऱ्हा. पण माजघरातल्या अंधुक उजेडात चेहरे काही केल्या एक होईनात.

“सेतू, आवर की रे,” बाळकृष्णराव काका म्हणाले. “राहुकाळ लागायच्या आत न्यायास पाहिजे.”

अम्मा, सेतुमाधवची आई चंद्रमतीबाई, पहाटे गेली होती. आदल्या दिवशी चक्कर येऊन पडली, ती शुद्धीवर आलीच नाही. रामस्वामी वैद्यांनी पहाटे नाडी बघितली, हात पुन्हा चटईवर ठेवला आणि बाहेर गेले. अंग अजून ताठलं नव्हतं, म्हणून इकडच्या, कावेरीकाठच्या रीतीप्रमाणे गळ्यात माळ घालून तिला खुर्चीत बसवता आलं. घरच्यांना मागे उभं करून शेवटचा फोटो घ्यायचा होता.

शेवटचा कसला, पहिलाच. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं अम्माचं ठाम मत, आणि चंद्रमतीबाईंचं मत बदलायची टाप राजवाड्याजवळच्या त्या गल्लीत कुणाची नव्हती. मुलाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की ती स्वैपाकघरात जायची आणि आतून कडी लावून घ्यायची.

सेतुमाधवची थोरली बहीण जयलक्ष्मी नागपूरला होती. तिच्या नवऱ्याच्या रेल्वे बंगल्यात फोन होता, म्हणून सकाळी ट्रंक कॉल लागला तरी. “मी येईपर्यंत ठेवा,” ती म्हणत राहिली. काकांनी नकारार्थी मान हलवली. वैशाखाचं ऊन, दोन दिवसांचा प्रवास, ते शक्यच नव्हतं. सेतुमाधवनं तिला तसं सांगितलं.

“मग तोंड तरी दाखीव रे मज,” ती रडत म्हणाली. “कसंही कर.”

“दाखवतों, अक्का,” त्यानं शब्द दिला.

शब्द देणं सोपं असतं. कॅमेरा समुद्रापारच्या पिनांगहून आलेल्या मित्राकडून घेतलेला, जपानी, झकास. पण त्याचं स्वतःचं भिंग परवडण्यातलं नव्हतं, म्हणून सेतुमाधवनं एक स्वस्तातलं रशियन भिंग बसवलं होतं. नळीसारखं आत बसणारं ते भिंग आधी बाहेर ओढून फिरवावं लागे. तिरुवैयारूच्या उत्सवात तो नेमका तेच विसरला आणि सगळा रोल धुक्यात काढल्यासारखा आला. खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं, भिंग काय बघतंय ते कळतच नाही. तेव्हा काका आठवडाभर हसले होते. आज कुणी हसणार नव्हतं. आज चुकलं तर पुन्हा काढायला अम्मा नव्हती.

त्यानं भिंग तपासलं. फिरवून घट्ट केलं. पुन्हा तपासलं. झाकणसुद्धा तीनदा बघितलं.

समईची ज्योत वाऱ्यानं फडफडत होती. मंगलानं, त्याच्या बायकोनं, खिडक्या लावून घेतल्या आणि माजघरात आणखी अंधार झाला. त्या बारक्या भिंगाला एवढा उजेड पुरणार नव्हता. सेतुमाधवनं कॅमेरा तिवईवर घट्ट बसवला आणि पूर्ण एका सेकंदाचा वेग लावला.

“कोणी हलूं नका,” तो म्हणाला. “श्वास घेतला तरी पुसट येईल. मी सांगतांच सगळ्यांनी श्वास धरा.”

“अम्मास तेवढं सांगाया नको,” काका म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

सेतुमाधवनं पुन्हा कडी फिरवली. अम्माचे दोन चेहरे एक झाले. “धरा,” तो म्हणाला. खटका उघडला, मिटला. त्यानं आणखी दोनदा तसाच फोटो घेतला. मग माणसं पुढं झाली, अम्माला खुर्चीतून उतरवलं, आणि राहुकाळ लागायच्या आत सगळं आटोपलं.

जयलक्ष्मी आली तेव्हा अस्थीही कावेरीत गेल्या होत्या. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. “आधी अम्मा दाखीव,” म्हणाली आणि ओसरीवर बसून राहिली.

सेतुमाधव न्हाणीघरात काळं कापड लावून रोल धूत होता. बहिणीला काय सांगायचं, भिंग स्वस्तातलं होतं म्हणून? आयुष्यभर हौसेनं देवळांचे खांब टिपले आणि आईच्या वेळी हात चुकला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

ओली पट्टी घेऊन तो खिडकीपाशी आला. तिन्ही फोटो उमटले होते. काळ्याचं पांढरं झालेलं असलं तरी अम्माचा चेहरा स्वच्छ ओळखू येत होता. त्याला रडू फुटलं.

“आला, अक्का,” तो आतूनच म्हणाला. “बरा आलाय.”

“देव पावला रे,” बाहेरून जयलक्ष्मीचा आवाज आला. “कागदावर कधी देतोस?”

कागदावर कुठला घ्यावा म्हणून त्यानं पट्टीवर बहिर्गोल काच धरली. तिन्ही फोटोंत काका दगडासारखे उभे होते. मंगलाच्या पदराची चूणसुद्धा हलली नव्हती. बंद खोलीत समईची ज्योत सरळ होती. खुर्चीच्या वेताची वीण मोजता आली असती.

फक्त अम्माच्या छातीवरची माळ, तिन्ही फोटोंत, पुसट आली होती.