पानाबाहेरचा कर्मचारी

माझी नोकरी गेली. म्हणजे, कुणी काढलेलं मात्र नाही.

साहेबांनी कर्मचाऱ्यांचा तक्ता एक्सेलमधून हेड ऑफिसला पाठवायच्या वर्डच्या पत्रात टाकायला सांगितला. नावं आडवी मांडलेली, शेवटचा रकाना माझा. पेस्ट केल्यावर नेमका तोच पानाबाहेर गेला.

"साहेब, पान आडवं करू?"

"म्हणजे हेड ऑफिसने मान वाकडी करून वाचायचं? शहाणाच आहेस! दिसतंय तेवढं पाठव."

एवढी अक्कल एकाच डोक्यात मावते, हेच नवल. हेड ऑफिसने दिसले तेवढेच कर्मचारी कामावर ठेवले. मी मात्र रोज येतो, साहेबांची पत्रं टाइप करतो. आजचं तेवढं माझं आहे:

"महोदय, कागद उजवीकडून चार बोटं रुंद करून मिळावा, ही नम्र विनंती."