धाकटी फांदी

सोलोच्या इस्पितळात टेबलावर उताणे पडलेले पाक कार्तोनो, म्हणजे कार्तोनोराव, छताच्या स्पीकरकडे बघत होते. जकार्ताच्या सभागृहात जमलेले मोठमोठे डॉक्टर त्यातून बोलत होते, आणि तेही पाक कार्तोनोंच्याच हृदयाबद्दल. सगळ्यांना पडद्यावर दिसणार म्हणून बायकोने, बू लास्त्रीने म्हणजे लास्त्रीबाईने, काल त्यांचे केस काळे करून दिले होते. पडद्यावर दिसत होत्या नुसत्या रक्तवाहिन्या. आता बोला!

मोठ्या रक्तवाहिनीला जिथे फांदी फुटते, नेमकं त्याच बेचक्यात अडलं होतं. डॉक्टर बायुंनी दोन्हीकडे तारा घातल्या. "दोन्हीकडे स्टेंट टाकावा म्हणतो," ते माइकमध्ये म्हणाले.

"अरे बायु, एकच टाक. मोठीत." हा आवाज प्रोफेसरांचा. बायुंना पहिल्यांदा हातात तार धरायला यांनीच शिकवलं होतं. "धाकटी सांभाळते आपलं आपण. उगाच कशाला उपद्व्याप?"

सभागृहात हशा पिकला. बायुंनी गुरूला चारचौघांत 'नाही' म्हणायचं? सोलोत अजून तरी तसं कुणी केलेलं नाही.

"हो, सर."

मोठीत फुगा फुगला, स्टेंट चिकटून बसला. धाकटी जराशी चिमटली, पण रक्त जात होतं. पाक कार्तोनोंच्या छातीत कळ आली. जबड्यापर्यंत गेली. त्यांनी दात आवळले. बिचाऱ्या डॉक्टरची परीक्षा चालली आहे, आपण कशाला मध्ये बोला?

"दुखतंय का हो, पाक?" उशाशी उभ्या नर्स एंदांगने विचारलं.

"छे छे. चालू द्या तुमचं."

"बघ, पेशंट पण खूश!" प्रोफेसर म्हणाले. "काढ ती धाकटीतली तार. झालं काम."

बायुंनी तार काढली. स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. मग खट्ट आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"डॉक्टर, माफ करा हं," पाक कार्तोनो हळूच म्हणाले. घामाने केसांचा काळा रंग कानावर उतरला होता. "मगापासून जरा दुखतंय."

"मगापासून? मग बोलला का नाहीत?"

"तुमचे गुरुजी बोलत होते ना."

बायुंनी पडद्याकडे पाहिलं. धाकटी फांदी तिथे नव्हतीच; तिच्यात रक्त जायचं थांबलं होतं. त्यांनी तार पुन्हा आत घातली. ती स्टेंटच्या जाळीला अडून परत येत होती, काही केल्या आत शिरेना.

"सर! सर, ऐकताय ना?"

"लाइन बंद झाली, डॉक्टर," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "तिकडे जेवायला सुटले."

बायु तार सरकवत राहिले. पाक कार्तोनोंनी एंदांगचा हात घट्ट धरला. मग ती पकड सैल पडली आणि यंत्र ओरडायला लागलं.

भूलतज्ज्ञाला आणायला एंदांग पळत बाहेर आली. दाराशीच बू लास्त्री जेवणाचा डबा घेऊन उभी होती. चेहरा नुसता फुलला होता.

"अगं, टाळ्या ऐकल्या मी! इथपर्यंत आल्या. मग अजून काय करताहेत आत?"